न फुटलेला बंब

माझी म्हैस इतकं ऊन दूध द्यायची, की धार काढायला बसण्याआधी चरवीत चहाची पत्ती अन् साखर टाकून ठेवावी लागे. ही गोष्ट मी आमच्या वडनेर भोलजीत, मोतीरामच्या हॉटेलात शंभरदा तरी सांगितली असेल. आणि शंभरदा मोतीरामनं विचारलं असेल, "अन् अद्रक कोण कुटत होतं बे पुंजाजी? तिची पोरगी वगार?" माणसं हसायची, मला एक कप फुकट मिळायचा, म्हशीला काही फरक पडत नव्हता. माझ्या थापांवर गावात कोणी विश्वास ठेवत नसे, म्हणूनच त्या मारताना मला कधी भीती वाटली नाही. जी गोष्ट कोणी खरी मानतच नाही, तिच्यानं कोणाचं काय बिघडणार?

एका हिवाळ्यात बिघडलं. बिघडवणारी थाप एकच आहे आणि ती कुठली हे मी लपवणार नाही. बाकीचं झालं तसं लिहितो. मला तशी सवय नाही, तेव्हा कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली असतील. आम्ही घरात सहा माणसं: मी, माझी बायको शालू, म्हातारा बाप आणि तीन लेकरं. मागच्या अंगणात न्हाणीला लागून एक मोठी चूल होती, तिच्यावर आंघोळीच्या पाण्याचा हंडा. ती चूल म्हणजे राक्षस. पहाटे शालू तिच्यात पऱ्हाटीचा भारा कोंबायची, वर चार गोवऱ्या, आणि तरी हंडा कोमटच. अर्धा जाळ हंड्याच्या कडेनं वर निघून जायचा, धूर शालूच्या डोळ्यात. कापूस निघाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांची गंजी आम्ही भिंतीला लावून रचत असू. ती वर्षभर पुरावी अशी अपेक्षा, पण संक्रांत आली की गंजीच्या जागी भिंत दिसायची. मग शालू तुरीची धसकटं वेचत शेतभर हिंडायची.

या चुलीची एकच गोष्ट चांगली होती. तिच्यात विस्तव भरपूर उरायचा. आणि तो न्यायला रोज पहाटे समोरच्या घरातली गोजरआत्या यायची.

गोजरबाई माझी सख्खी आत्या नव्हे, गल्लीची आत्या. साठीच्या पुढची विधवा. एकच लेक, ती तिकडे संग्रामपूरला दिलेली. आत्या फुटक्या माठाचं एक खापर घेऊन यायची. चुलीतली राख ओढून काढायची, निखारे खापरात घ्यायची, आणि मग शालू न सांगता हंड्यातलं तांब्याभर कढत पाणी एका घमेल्यात ओतून तिच्यापुढं ठेवायची. आत्या दोन्ही हात त्यात बुडवून बसायची. तिची बोटं हिवाळ्यात पहाटे उघडत नसत. मुठी आवळलेल्या, जशा काही कोणाचं काही लपवून आणलंय. पाण्यात ठेवल्या की एकेक बोट हळूहळू सरळ व्हायचं.

"उघडलं का दुकान, आत्या?" मी दात घासत विचारायचो.

"उघडलं लेका. करंगळी अजून झोपेल हाये."

ती बोटं म्हणजे तिचं सगळं घर होतं. आत्या कापूस वेचायची. किसनरावांच्या शेतात दिवाळीपासून माघापर्यंत बायकांची रांग लागायची, त्यात सगळ्यात पुढची ओळ आत्याची. कापूस सकाळीच वेचावा लागतो. दवानं बोंडाची पानं नरम असतात, कापूस मोकळा हाती येतो. ऊन चढलं की तीच पानं कुरकुरीत होऊन चुरतात, कापसात कचरा जातो. आत्याची ओटी उघडली की आत नुसती सायीसारखी रुई. किसनराव दुसऱ्या बायकांना दाखवायचे, "हे पाहा, याले म्हणतात वेचणं." वर्षाचे बाकीचे महिने आत्या त्या चार महिन्यांवर काढायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी आणि शालू खामगावला गेलो आणि बंब घेऊन आलो.

शालूनं तो तिच्या माहेरी पाहिला होता. तिला वर्षभर तोच ध्यास. तांब्याचा, कमरेएवढा, मधून आरपार नळी गेलेली, खाली जाळी, जाळीखाली राखेची पेटी, बाजूला पितळी तोटी. तांबटानं आम्हाला समजावून सांगितलं, "चुलीवर हंडा ठेवला तं जाळ त्याले नुसता भायेरून चाटते अन् निंघून जाते. याच्यात जाळ पाण्याच्या पोटातून जाते. जाईन कुठी? दोन मुठी काडी टाका, घर आंघोळ करीन. फक्त एक ध्यानात ठेवा. रिकामा पेटवू नका. आत पाणी नसलं तं सांध्याची झाल सुटते."

बंब बैलगाडीत गवतावर निजवून आणला. दुसऱ्या दिवशी पहाटे शालूनं त्यात पाणी भरलं, नळीत पऱ्हाटीची मूठभर तुकडे केलेली काडी टाकली, वरून भुईमुगाची टरफलं. थोड्या वेळात तोटी सोडली तर बादलीतून वाफ. शालूनं बोट घातलं आणि झटकन काढून तोंडात धरलं.

"अवो, भाजलं ना मले!" ती म्हणाली, आणि लग्नात हसली नसेल तेवढी हसली.

त्या दिवशी मोतीरामच्या हॉटेलात मी सांगितलं, की बंबाच्या नळीतून असा आवाज निघाला की नांदुऱ्याच्या स्टेशनवर हमाल गाठोडी डोक्यावर घेऊन उभे राहिले. सगळे हसले. मग मी म्हणालो, "अन् आमची गंजी औंदा पार वैशाखातल्या आखाजीपर्यंत पुरणार." त्यालाही सगळे हसले. मोतीराम तर टेबलाला धरून हसला.

"पुंजाजी, संक्रांतीले तुह्या घरी काडी नसते. आखाजी म्हणते!"

"हे खरं हाये."

"म्हशीचंही खरंच व्हतं."

आता बघा, माझं काय झालं ते. आयुष्यात पहिल्यांदा मी एक खरी गोष्ट सांगितली आणि तिला थापेपेक्षा जास्त हसू मिळालं. मला ते लागलं. मी मोतीरामला हाताला धरून घरी आणलं, गंजी दाखवली. त्यानं चुन्याची डबी काढली आणि गंजीच्या मागच्या भिंतीवर, माझ्या छातीएवढ्या उंचीवर, बोटानं एक पांढरी रेघ ओढली. "संक्रांतीले गंजी या रेघेच्या वर असली तं मी हॉटेलात उभा राहून सांगीन, पुंजाजी खरं बोलते. सगळ्यायच्या समोर सांगीन."

पैशाची पैज नव्हती. असती तर मी ती केव्हाच विसरलो असतो.

त्यानंतर मी त्या गंजीचा राखणदार झालो. काडी किती तोडायची ते मीच सांगू लागलो. शालू म्हणायची, "बंब माह्यासाठी आणला का तुमच्यासाठी?" पण ती खुशीत होती, डोळे निवले होते तिचे. मी बारीक पाहत राहायचो. आणि पाहता पाहता माझ्या लक्षात आलं, की बंबात दोन मुठी पुरतात खऱ्या, पण गोजरआत्या आली की तिसरी मूठ लागते.

कारण बंबात विस्तव उरत नाही. काडी जळते, भुरभुर राख पेटीत पडते, संपलं. आत्या आली की शालू तिच्या खापरासाठी मुद्दाम दोन गोवऱ्या आणि जाडी काडी पेटवायची. आणि बंबातून तांब्याभर कढत पाणी काढलं की वरून तेवढंच थंड ओतावं लागे, मग पुढच्या माणसासाठी पुन्हा जाळ. तिसरी मूठ, कधी चौथी. गंजी रेघेच्या दिशेनं रोज बोटभर उतरत होती आणि मी त्या बोटाकडे बघत होतो.

शालूला मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिनं मला तिथंच बंबात घातलं असतं. तिची तिन्ही बाळंतपणं आत्यानं केली होती.

मार्गशीर्षातली एक सकाळ. शालू विहिरीवर गेली होती. आत्या खापर घेऊन मागच्या दारी आली. मी बंबाजवळ बसलो होतो, आणि मला ती थाप सुचली. थापा मला नेहमी अशाच सुचतात, पूर्ण, हातपाय असलेल्या.

"आत्या, उंबऱ्याच्या आत नको येऊ," मी म्हणालो.

"काऊन रे?"

"तुले सांगतलं नाही का शालूनं? खामगावच्या तांबटाचा निरोप आला. या बंबाची झाल नवीन आहे. याचा इस्तो, एक निखाराही, घराच्या उंबऱ्याभायेर गेला, का आत नळी आवळते. नळी आवळली का पाणी जागा मांगते. अन् मंग बंब फुटते. तिकडे जळगावाकडे एका घरी फुटला, तं झाकण तिसऱ्या गल्लीत एका नवरदेवाच्या डोक्स्यावर जाऊन बसलं. लोकायले वाटलं बाशिंग हाये. तसंच लगन लागलं."

"अन् पाणी?" आत्यानं विचारलं.

मला वाटलं होतं ती नवरदेवाला हसेल. ती हसली नाही. मला घाई झाली, शालू येईल म्हणून.

"पाण्याचंही तेच. निदान संक्रांतीलोक."

ही ती थाप. आत्या दारात उभी राहिली. तिनं बंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खापर तिनं धरलं होतं ते बोटांनी नव्हे, दोन्ही मनगटांनी.

"बरं बाप्पा," ती म्हणाली. "महागाची वस्तू हाये. जपा तिले."

आणि गेली.

दोन दिवसांनी शालूनं विचारलं, "आत्या काऊन येत नाही वो?" मी म्हणालो, "तिनं म्हणे आता काडेपेटी घेतली." शालू म्हणाली, "अन् हात?" मी म्हणालो, "औंदा तिले बरं हाये म्हणे." एका थापेला टेकू म्हणून आणखी दोन. शालूला वेचणीचे दिवस, लेकरं, बाप, सगळं होतं. तिनं माझं ऐकून घेतलं. माझ्या बायकोनंही माझं काही ऐकून घेतलं असं फार कमी वेळा झालं आहे आणि नेमकं तेव्हा झालं.

गंजी उतरायची थांबली. म्हणजे उतरत होती, पण तोऱ्यात, हळू.

पौष लागला आणि थंडी अशी पडली की, नाही, इथं मी काही रचत नाही. थंडी पडली एवढंच. पहाटे बादलीतल्या पाण्यात हात घालवत नव्हता.

एके दिवशी किसनरावांकडे बियाण्याच्या कामानं गेलो. ते शेतावर होते म्हणून शेतावर गेलो. बायका वेचत होत्या. मी सवयीनं पुढच्या ओळीत आत्याला शोधलं. ती नव्हती. मधल्या ओळीत नव्हती. सगळ्यांच्या मागं, एकटी, एका झाडाशी ती उभी होती. हात बोंडापर्यंत जात होता, पण बोटं मिटलेली. ती दोन मुठींच्या मध्ये बोंड धरून ओढत होती, जसं लहान लेकरू दोन्ही हातांनी भाकरीचा तुकडा ओढतं. कापूस निघत होता आणि त्याच्याबरोबर पानं, काड्या, अर्धं कवच.

"म्हातारी गेली कामातून," किसनराव माझ्या शेजारी येऊन म्हणाले. "औंदा पाहा ना, दुपार होऊन जाते तिचे हात मोकळे व्हायले. तोवर सगळं वाळून जाते. तिच्या कापसात निस्ता कचरा. गाडीवाला म्हणते, हे गठुडं बाजूले ठेवा. मी तरी किती दिवस सांभाळू? आज सांगून टाकलं तिले, उद्यापासून राहू दे."

"काय म्हणाली?"

"काय म्हणीन? म्हणे, बरं बाप्पा."

ते दोन शब्द मी माझ्या दारातही ऐकले होते.

"किसनराव, तिचा दोष नाही," मी म्हणालो. "माह्या बंबाचा हाये. म्हणजे माहा. तिले सकाळी ऊन पाणी भेटत होतं ते मी बंद केलं. तिले सांगतलं का इस्तो भायेर गेला तं बंब फुटते. म्हणून तिचे हात..."

किसनराव आधी गंभीरपणे ऐकत होते. 'बंब फुटते' म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. मग ते हसू लागले. "वा रे पुंजाजी! कुठून काढतं तू हे? नवरदेवाचंही सांग ना, कोणीतरी सांगत होतं परवा." ते तिकडे वेचणाऱ्या बायकांना ओरडून म्हणाले, "आयकलं का व? पुंजाजीच्या बंबानं गोजरबाईची बोटं आवळली म्हणते!"

बायका हसल्या. आत्या मागच्या ओळीत होती. तिनं वर पाहिलं नाही.

म्हणजे नवरदेवाची गोष्ट मी मोतीरामच्या हॉटेलातही सांगून टाकली होती. मला आठवलंच नव्हतं. एवढी मजेदार थाप, ती वाया कशी जाऊ द्यायची?

मी घरी आलो आणि शालूला सगळं सांगितलं. ती बंब पुसत होती. फडकं बाजूला ठेवलं.

"गंजीसाठी?"

"हाव."

"त्या मोतीरामच्या चुन्यासाठी?"

"हाव."

"तुम्ही म्हशीवर मारा थापा, नवरदेवावर मारा, माह्यावर मारा. माह्या बंबाले काऊन घेतलं त्याच्यात?" ती म्हणाली. "मी सगळ्या गल्लीले सांगत फिरली, काडी कमी लागते, काडी कमी लागते. आता आत्याले काय वाटलं असीन? शालीनं काडी वाचवाले माहा इस्तो बंद केला. माहं नाव लागलं ना त्याच्यावर. तुमचं कुठी लागलं?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी तसाच उठून समोर गेलो. आत्याचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं ओसरी. ती ओसरीवर उन्हात बसली होती, दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून, जसे कोणी दुसऱ्याचे सांभाळायला दिलेत.

"आत्या, तो बंब फुटत नाही," मी म्हणालो. "इस्तो नेला तरी नाही अन् पाणी नेलं तरी नाही. ते मी खोटं सांगतलं."

"मले माहीत हाये."

"आता किसनरावायनं सांगतलं का?"

"कायले पाह्यजे किसनराव? तांब्याची भांडी मी सारी उमर घासली, लेका. तांबं उंबरा वळखत नाही."

मला बसावंसं वाटलं, पण तिनं बस म्हटलं नव्हतं. "तुले तवाच समजलं होतं?"

"तवाच."

"मंग आली काऊन नाही दुसऱ्या दिशी? मले दोन शिव्या हाणाच्या होत्या. हसाचं होतं माह्यावर. शालूले विचाराचं होतं."

"तू नाही म्हटलं ना."

"मी नाही कुठी म्हटलं आत्या? मी तं..."

"पुंजा," ती म्हणाली, "तू जवा लोकायले थापा मारतं ना, तवा तुहे डोळे पाहत असतात, हा हसते का नाही म्हणून. त्या दिशी तू माह्याकडे पाह्यलंच नाही. तू दरवाजाकडे पाहत होता. मले समजलं, हा मले हाकलून राह्यला. मंग कायले थांबू? तुह्या तोंडून सरळ नाही निंघत नव्हतं, म्हणून मीच बरं म्हटलं."

माझी सगळी तयारी वाया गेली. मी येताना ठरवलं होतं की भोळ्या बाईला फसवल्याबद्दल माफी मागायची. ती भोळी नव्हती. फसलं कोणीच नव्हतं. मी तिला फक्त नकार दिला होता आणि तो द्यायला मला एक नवरदेव लागला होता.

"उद्या ये आत्या. शालू वाट पाहते."

"नाही येत."

"तिचं काही नाही त्याच्यात. तिले माहीतच नव्हतं."

"हे एक बरं सांगतलं," आत्या म्हणाली आणि पहिल्यांदा थोडी हलली. "ते माह्या मनात होतं." पण यायचं नाही म्हणाली ती नाहीच म्हणाली. "एकदा दारातून परत फिरली, आता नाही फिरत."

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याकडे पाणी नेऊ लागलो. पहाटे बंबातून बादली भरायची, वर फडकं टाकायचं, गल्ली ओलांडायची. आमच्याकडे पुरुषमाणसानं असं पाणी वाहिलं की लोक बघतात. पहिल्याच दिवशी मोतीरामनं पाहिलं. तो दूध आणायला निघाला होता.

"काय पुंजाजी, म्हशीचा चाय का?"

मी काही बोललो नाही. मी काही न बोललेलं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असेल, तो तिथंच उभा राहिला.

आत्याचं दार बंद होतं. मी हाक मारली. आतून आवाज आला, "ठेव." मी ओसरीवर ठेवून आलो. अर्ध्या तासानं जाऊन पाहिलं तर बादली तशीच, फडकं तसंच, पाणी गार. ते तिनं तुळशीला घालावं असंही नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शालू गेली माझ्याबरोबर. तिच्यासाठी दार उघडलं, दोघी आत काय बोलल्या मला कळलं नाही, मी ओसरीवर बादलीजवळ उभा. शालू डोळे पुसत बाहेर आली. "माह्यावर राग नाही तिचा," ती म्हणाली. "पाणी तुमच्या हातचं हाये म्हणते. तुमीच पाहा."

असे आठ-दहा दिवस गेले असतील. मी किसनरावांकडे पुन्हा दोनदा गेलो. ते पुन्हा दोनदा हसले. गंजी रेघेखाली केव्हा गेली मला कळलंसुद्धा नाही. संक्रांतीला मोतीराम तिळगूळ घेऊन आला, त्यानं भिंतीकडे पाहिलं, रेघ पाहिली, माझ्याकडे पाहिलं. तो चेष्टा करायलाच आला होता. पण त्यानं तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाला, "घे. गोड बोल म्हणत नाही तुले. तू लय बोलतं." आणि मग हळूच, "म्हातारीचं खरं हाये का बे?"

"हाव."

त्यानं मान हलवली. "मी तं हसलो होतो त्या नवरदेवाले," तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतरच्या एका पहाटे मी बादली ठेवली आणि परत फिरलो नाही. तिथंच ओसरीवर बसलो. थंडीनं माझे दात वाजत होते. बऱ्याच वेळानं दार उघडलं. आत्या दारात उभी, घोंगडं पांघरून.

"जात नाही का?"

"नाही."

"मंग एक कर," ती म्हणाली. "त्या दिशी जे बोलाचं होतं ते आज बोल. नवरदेव नको, तांबट नको. सरळ."

तुम्हाला वाटेल त्यात काय अवघड. मी तोंड उघडलं आणि तोंडात पहिलं आलं ते 'तुले खरं सांगू का आत्या, त्या दिशी असं झालं का'. मी ते गिळलं. दुसरं आलं ते 'मोतीरामनं मले'. तेही गिळलं. समोर बादलीतून वाफ निघत होती आणि कमी होत होती. मला वाटतं तिला ते दिसत होतं आणि ती मला घाई करत नव्हती.

"मी काडी वाचवत होतो," मी म्हणालो. "तुले द्यायले जीव होत नव्हता. म्हणून नाही म्हटलं."

"हं," आत्या म्हणाली.

ती खाली बसली, घोंगडं सारलं आणि दोन्ही मुठी बादलीत घातल्या. मनगटापर्यंत. डोळे मिटले. मी वाट पाहत राहिलो. पूर्वी पाच मिनिटांत उघडणारी बोटं त्या दिवशी उन्हाचा कवडसा ओसरीवर येईपर्यंत उघडली नाहीत. मी मध्येच धावत जाऊन दुसरी बादली आणली. शालूनं काही न विचारता भरून दिली. मग अंगठा सुटला, मग पहिलं बोट. करंगळी वाकडीच राहिली. ती पुढेही कधी पुरती सरळ झाली नाही.

आत्यानं हात पाण्यातून काढून समोर धरले आणि पाहिले, अलटून पलटून.

"आता कोणाच्या शेतात हाये रे वेचणी?" तिनं विचारलं.

माघ लागला होता. किसनरावांच्या शेतात ढोरं सोडली होती. आमच्याकडचाही कापूस घरात आला होता. पार शिवारभर एक बोंड उरलं नव्हतं आणि हे तिलाही माहीत असणार. वेचणी पुन्हा यायला दिवाळी यावी लागणार होती. माझ्या जिभेवर तीन शेतं आली, एक देऊळघाटाकडचं, जिथं बारा महिने कापूस फुटतो.

"कोणाच्याच नाही, आत्या," मी म्हणालो. "संपली."

तिनं मान डोलावली आणि हात पुन्हा पाण्यात ठेवले. ते अजून थोडं ऊन होतं.